दोष हार्ड डिस्कचा की नियंत्रकाचा?
घरातील जुन्या संगणकाचे निदान आणि त्यातील नोंदींचे रक्षण

घरोघरी एखादा जुना संगणक अजूनही जपून ठेवलेला आढळतो. नवा लॅपटॉप येतो, निम्मी कामे मोबाईलवर होऊ लागतात, तरी कोपऱ्यातल्या मेजावरचा तो खोका हलत नाही. याचे कारण भावनिक जितके, तितकेच व्यावहारिकही असते. गृहकर्जाच्या हप्त्यांचे तक्ते, प्राप्तिकर विवरणपत्रांच्या प्रती, विमा हप्त्यांच्या पावत्या, गृहनिर्माण संस्थेचा जमाखर्च आणि मुलांच्या बारशापासून लग्नापर्यंतची छायाचित्रे असा कुटुंबाचा पंधरा-वीस वर्षांचा ठेवा त्याच्या हार्ड डिस्कवर असतो. आणि नेमका ज्या दिवशी त्यातला एखादा कागद हवा असतो, त्याच दिवशी संगणक सुरू होता होता अडखळतो. कधी हार्ड डिस्क सापडत नसल्याचा संदेश पडद्यावर येतो, कधी एखादी फाइल उघडताना सारे गोठून जाते, तर कधी निळा पडदा दिसतो. बंद करून पुन्हा सुरू केले की सारे सुरळीत. चार दिवसांनी पुन्हा तोच प्रकार.

अशा वेळी घरात बहुधा एकच निदान केले जाते, ‘हार्ड डिस्क गेली!’ हे निदान पुष्कळदा बरोबर असते. पण नेहमीच नाही. हार्ड डिस्क आणि संगणकाचा उरलेला भाग यांच्यामध्ये नियंत्रक, म्हणजेच कंट्रोलर नावाचा एक दुवा असतो. तो अविश्वसनीय झाला, तर निरोगी डिस्कही आजारी भासते. मग चांगली डिस्क भंगारात जाते, किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘दुरुस्ती’ करण्याच्या नादात सुस्थितीतील नोंदी पुसल्या जातात. हे टाळण्यासाठी मोठ्या तांत्रिक ज्ञानाची गरज नसते. गरज असते ती योग्य क्रमाची.

नियंत्रक म्हणजे काय?

हार्ड डिस्क ही बँकेच्या दप्तरखान्यासारखी मानली, तर प्रोसेसर हा काउंटरवरचा अधिकारी होय. अधिकारी स्वतः दप्तरखान्यात जात नाही. अमुक कपाटातील तमुक वहीचे पान हवे, एवढाच निरोप तो धाडतो. ते पान शोधून आणणे आणि नवी नोंद झाल्यावर योग्य जागी परत ठेवणे, हे काम मधला दप्तरी करतो. संगणकात ही मधली जबाबदारी नियंत्रकाची असते.

प्रारंभी हा नियंत्रक स्वतंत्र कार्डाच्या रूपात असे. सीगेट कंपनीची १९८० मधील एसटी-५०६ ही ५ एमबी क्षमतेची डिस्क अशाच वेगळ्या कार्डावर अवलंबून होती. १९८३ मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी हा संगणक १० एमबी डिस्कसह बाजारात आणला, तेव्हाही रचना तीच होती. १९८६ च्या सुमारास कॉम्पॅक आणि वेस्टर्न डिजिटल यांनी नियंत्रकाचा मोठा भाग थेट डिस्कवरच बसवण्याची पद्धत रूढ केली. तीच पुढे आयडीई या नावाने प्रसिद्ध झाली. २००३ पासून तिची जागा हळूहळू साटा या पद्धतीने घेतली.

म्हणजे आयडीई आणि साटा या दोन्ही पद्धतींत नियंत्रकाचे काम दोन ठिकाणी विभागलेले असते. एक भाग डिस्कच्या पाठीवरील हिरव्या पट्टीवर, तर दुसरा मदरबोर्डावरील एका चिपेत असतो. या दोहोंना केबल जोडते. बोलण्याच्या ओघात मदरबोर्डावरील भागालाच नियंत्रक म्हटले जाते आणि या लेखातही तो शब्द त्याच अर्थाने वापरला आहे.

बंद पडलेल्यापेक्षा अडखळणारा अधिक घातक

नियंत्रक पूर्णपणे निकामी झाला, तर डिस्क दिसतच नाही. हा प्रसंग त्रासदायक असला तरी तुलनेने निरुपद्रवी असतो, कारण डिस्कवर काही लिहिलेच जात नाही. खरा धोका असतो तो अधूनमधून चुकणाऱ्या नियंत्रकापासून. दप्तरी गैरहजर असला तर काम थांबते. पण तो भलतेच पान आणत असेल, किंवा एका खात्याची नोंद दुसऱ्या खात्याच्या पानावर ठेवत असेल, तर काम चालू राहते आणि वही बिघडत जाते.

अशा चुका पकडण्यासाठी संगणकात ताळा पाहण्याची सोय असते. अंकगणितात गुणाकार केल्यावर ताळा पाहतात, त्याच धर्तीवर अल्ट्रा डीएमए आणि साटा या पद्धतींत मजकूर पाठवणारा व घेणारा अशी दोन्ही टोके एक तपासणी-संख्या काढतात. तिला सीआरसी म्हणतात. संख्या जुळली नाही, तर तो मजकूर पुन्हा मागवला जातो. त्याआधीच्या पीआयओ पद्धतीत केबलवरून जाणाऱ्या मजकुराला असा ताळाच नव्हता. शिवाय सीआरसीचे संरक्षण केबलपुरते मर्यादित असते. केबलवरून बरोबर आलेला मजकूर नियंत्रकाच्या चिपेतच बिघडला, तर ताळा जुळूनही हिशेब चुकतो.

असे प्रत्यक्ष घडलेलेही आहे. १९९५ च्या सुमारास सीएमडी-६४० आणि आरझेड-१००० या दोन आयडीई नियंत्रक-चिपांतील दोष उघड झाले. विशिष्ट परिस्थितीत त्या चिपा चुकीचा मजकूर पुढे देत आणि संगणक मात्र काहीच न घडल्यासारखा चालू राही. लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात या चिपांसाठी स्वतंत्र बंदोबस्त करावा लागला. पुढे ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने आपल्या सहाव्या मालिकेतील चिपसेटमध्ये दोष असल्याचे जाहीर केले. त्यातील ३ गिगाबिट वेगाच्या चार साटा जोडण्या कालांतराने क्षीण होण्याचा संभव होता. ६ गिगाबिटच्या दोन जोडण्यांना मात्र धोका नव्हता. बदली आणि दुरुस्तीचा खर्च कंपनीने सुमारे ७० कोटी डॉलर इतका अंदाजला होता. एवढ्या मोठ्या कारखान्यातून आलेला नियंत्रकही दोषी असू शकतो, मग वीस वर्षे धूळ आणि उष्णता सोसलेल्या घरगुती संगणकाबाबत शंका घेणे गैर ठरू नये.

पहिले पाऊल : आधी प्रत, मग दुरुस्ती

दिवसअखेरीस रोख रकमेचा ताळमेळ जुळला नाही, तर कोणताही अनुभवी रोखपाल लगेच वहीतील आकडा खोडून नवा लिहीत नाही. आधी चूक कोठे झाली ते शोधले जाते. संगणकाबाबतही हाच नियम पाळावयास हवा.

विंडोज प्रणालीत चेकडिस्क नावाची सोय आहे. डिस्कवरील फाइलींची सूची तपासून त्यातील विसंगती ती दुरुस्त करते. डिस्क आणि नियंत्रक दोन्ही धडधाकट असताना ती उपयुक्त असते. परंतु नियंत्रकच चुकीचे वाचून दाखवत असेल, तर चेकडिस्कला निरोगी सूचीही बिघडलेली दिसते आणि ती त्या चांगल्या सूचीवर आपली ‘दुरुस्ती’ लिहून टाकते. संगणक सुरू होताना ही तपासणी आपोआप निघाली, तर सुरुवातीच्या काही सेकंदांत कोणतीही कळ दाबून ती रद्द करता येते. संशय असताना ती रद्द करणेच इष्ट. त्याचप्रमाणे डिस्क फॉरमॅट करणे, विंडोज नव्याने बसवणे किंवा डिस्कवर नवे काही साठवणे हेही कटाक्षाने टाळावे.

यानंतरचे काम म्हणजे प्रत काढणे, आणि तीही संशयित संगणकावर नव्हे. संगणक बंद करून, वीजजोडणीचा प्लग काढून, डिस्क बाहेर घ्यावी आणि यूएसबी परिवर्तकाच्या साहाय्याने दुसऱ्या, भरवशाच्या संगणकाला जोडावी. आयडीई आणि साटा या दोन्ही प्रकारच्या डिस्क जोडणारे परिवर्तक संगणकाच्या सुट्या भागांच्या बाजारात मिळतात. मोठ्या आकाराच्या, म्हणजे साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा लागत असल्याने परिवर्तकासोबत त्याचा अडॅप्टर असल्याची खात्री करावी. या मार्गाने मदरबोर्डावरील नियंत्रक पूर्णपणे वगळला जातो. परिणामी एकाच कृतीत दोन गोष्टी साधतात : नोंदींची प्रत हाती येते आणि दोष कोठे आहे याचा पहिला पुरावाही मिळतो. दुसऱ्या संगणकावर डिस्क तासन्‌तास विनातक्रार चालली, तर संशयाची सुई तिच्यावरून नियंत्रकाकडे, केबलकडे किंवा वीजपुरवठ्याकडे वळते.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. डिस्कमधून ठराविक लयीत टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर दोष यांत्रिक आहे असे समजून ती तत्काळ बंद करावी. अशी डिस्क पुन्हा पुन्हा सुरू केल्याने उरलेली आशाही मावळते. नोंदी मौल्यवान असतील, तर ती विदा-पुनर्प्राप्तीचे काम करणाऱ्या तज्ज्ञांकडेच सोपवावी.

लक्षणे काय सांगतात?

डिस्कचा दोष आणि नियंत्रकाचा दोष यांच्या वागण्यात फरक असतो. डिस्कचा पृष्ठभाग खराब झाला असेल, तर चूक एका जागी स्थिर राहते. तीच फाइल दर वेळी उघडत नाही, तेवढाच फोल्डर प्रत करताना अडतो. नियंत्रक किंवा केबल सदोष असेल, तर चूक भटकत राहते. आज एक फाइल उघडत नाही, उद्या तीच व्यवस्थित उघडते आणि दुसरीच अडते. एकाच केबलवरील हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह दोन्ही एकदम अदृश्य झाले, तर दोष त्या दोहोंच्या सामाईक मार्गावर शोधावा. संगणक थंड असताना ठीक चालतो आणि अर्ध्या तासाने अडखळू लागतो, हेही मदरबोर्डावरील चिप किंवा वीजपुरवठा यांच्याकडे बोट दाखवणारे लक्षण आहे.

याहून नेमका पुरावा डिस्क स्वतःच नोंदवून ठेवत असते. बहुतेक डिस्कमध्ये ‘स्मार्ट’ नावाची स्वपरीक्षणाची नोंदवही असते आणि क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टमॉनटूल्स यांसारख्या विनामूल्य साधनांनी ती वाचता येते. तिच्यातील तीन ओळी विशेष महत्त्वाच्या. ५ क्रमांकाची ओळ खराब झाल्यामुळे बदललेल्या जागांची संख्या सांगते आणि १९७ क्रमांकाची ओळ वाचता न आल्याने निर्णयासाठी थांबलेल्या जागांची. या दोन संख्या वाढत असतील, तर डिस्कच आजारी आहे. १९९ क्रमांकाची ओळ मात्र वेगळी : ती केबलवरील सीआरसी चुकांची, म्हणजे न जुळलेल्या ताळ्यांची मोजदाद असते. पहिल्या दोन ओळी स्वच्छ आणि ही ओळ चढती असेल, तर केबल, जोडणी किंवा नियंत्रक यांच्याकडे लक्ष द्यावे. हा आकडा दोष दूर झाल्यावरही शून्यावर येत नाही. म्हणून तो किती आहे यापेक्षा आठवडाभरात वाढला की नाही, हे पाहावयाचे असते.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीतही असाच दुजोरा मिळतो. तेथे डिस्कसंबंधीची ७ क्रमांकाची घटना खराब जागा सापडल्याचे सांगते, तर ११ क्रमांकाची घटना नियंत्रकाची चूक आढळल्याचे नोंदवते.

एका वेळी एकच बदल

प्रत सुरक्षित झाल्यावरच तपासणीस हात घालावा. तपासणीचा सुवर्णनियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलाची तारखेसह वहीत नोंद करावी. केबल, बॅटरी आणि वीजपुरवठा एकदम बदलल्यास संगणक कदाचित सुधारेल. पण दोष कशात होता ते कळणार नाही आणि काढून ठेवलेले सारे भाग उगाच संशयास्पद ठरतील. खोका उघडण्यापूर्वी प्लग काढावा आणि खोक्याच्या धातूच्या भागाला हात लावून अंगातील स्थिर विद्युत उतरू द्यावी. उत्तर भारतातील कोरड्या हिवाळ्यात ही दक्षता विशेष आवश्यक ठरते.

१. केबल : सर्वात स्वस्त आणि सर्वाधिक वेळा दोषी ठरणारा भाग हाच, म्हणून आरंभ येथून करावा. आधी केबल दोन्ही टोकांकडून काढून पुन्हा घट्ट बसवावी. कोकण, गोवा, मुंबई किंवा चेन्नईसारख्या दमट हवेत धातूच्या टोकांवर सूक्ष्म थर साचतो आणि केवळ काढून-लावण्यानेही पुष्कळदा काम होते. त्याने भागले नाही, तर नवी केबल वापरून पाहावी. आयडीई केबलची कमाल मान्य लांबी १८ इंच असते. जुनी केबल ४० तारांची, तर ६६ एमबी व त्याहून अधिक वेगासाठीची केबल ८० तारांची असते. टोकाच्या पिना दोहोंत ४० च. ८० तारांच्या केबलचे निळे टोक मदरबोर्डाला, काळे टोक मुख्य डिस्कला आणि मधले करडे टोक दुय्यम उपकरणाला जोडावयाचे असते. साटा केबल फार मुरडू नये. खटक्याची केबल मिळाल्यास ती सैल होत नाही.

२. जोडणीची जागा : केबल तीच ठेवून ती मदरबोर्डावरील दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहावी. अनेक मदरबोर्डांवर दोन भिन्न नियंत्रक असतात. इंटेलने २००६ मधील आयसीएच८ या चिपेपासून आयडीईची सोय काढून टाकली. त्यामुळे त्यानंतरच्या अनेक बोर्डांवर आयडीईचे सॉकेट एका वेगळ्या छोट्या चिपेकडून चालवले जाते आणि साटाची सॉकेटे मुख्य चिपसेटकडून. एक नियंत्रक दगा देत असला तरी दुसरा निर्दोष असू शकतो.

३. वीजपुरवठा : डिस्कला ५ आणि १२ व्होल्टचा स्थिर पुरवठा लागतो. मान्य मर्यादा पाच टक्क्यांची आहे, म्हणजे ४.७५ ते ५.२५ आणि ११.४ ते १२.६ व्होल्ट. जुना पुरवठा भार वाढला की या मर्यादेखाली घसरतो आणि डिस्क क्षणभर अदृश्य होते. ही मोजणी मल्टिमीटर हाताळण्याची सवय असलेल्या व्यक्तीकडूनच करून घ्यावी. त्याच वेळी मदरबोर्डावरील उभ्या, नळकांड्यासारख्या कपॅसिटरांकडेही पाहावे. १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या अनेक बोर्डांवरील कपॅसिटर अकाली फुगले होते. माथा सपाट नसून फुगलेला असेल किंवा तपकिरी द्रव पाझरलेला दिसेल, तर दोषाचे मूळ बहुधा तेथेच असते.

४. जंपर आणि बॅटरी : आयडीई केबलवर दोन उपकरणे असतील, तर एक मुख्य आणि एक दुय्यम हवे; दोन्ही मुख्य असल्यास एकही धड चालत नाही. काही डिस्कवर ‘एकटी’ आणि ‘जोडीदारासह मुख्य’ अशी दोन निराळी स्थाने असतात, हेही डिस्कवरील तक्ता पाहून ताडावे. मदरबोर्डावरील सीआर२०३२ ही ३ व्होल्टची बॅटरी संपली की बायोसमधील मांडणी मूळपदावर जाते. साटा डिस्कची पद्धत आयडीईऐवजी एएचसीआय किंवा याच्या उलट झाली, तर विंडोज सुरू होताना ७बी क्रमांकाचा निळा पडदा येतो. येथे डिस्क आणि नियंत्रक दोन्ही निर्दोष असतात; बॅटरी बदलून जुनी मांडणी पूर्ववत केली की प्रश्न मिटतो.

५. स्मृती : सदोष रॅमही नियंत्रकाच्या दोषाचे सोंग घेते, कारण डिस्कवर जाणारा प्रत्येक मजकूर आधी तिच्यातूनच जातो. मेमटेस्ट८६ ही तपासणी रात्रभर चालवून ती शक्यता निकालात काढावी.

६. अदलाबदल : अखेरीस खात्रीची, पण रिकामी अशी दुसरी डिस्क संशयित संगणकाला जोडावी. तिच्यावर एखादी मोठी चित्रफीत प्रत करावी, संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि मग मूळ फाइल व प्रत ताडून पाहावी. विंडोजमधील एफसी हा जुना आदेश दोन फाइली अक्षरन्‌ अक्षर ताडतो. मध्ये संगणक बंद करणे महत्त्वाचे. अन्यथा तो डिस्कवरून न वाचता स्वतःच्या स्मृतीतूनच उत्तर देतो आणि चाचणी फसवी ठरते. ही कृती पाच-सहा वेळा करावी. रॅम निर्दोष आणि डिस्क खात्रीची असूनही एकदा जरी फरक निघाला, तर नियंत्रकावरील आरोप जवळजवळ सिद्ध होतो.

दोषासारखे भासणारे दोन प्रकार

विंडोज एक्सपी असलेला संगणक अचानक अतिशय मंद झाला, तर त्यामागे एक विशिष्ट कारण असू शकते. वेळेत उत्तर न मिळणे किंवा सीआरसी चूक होणे, असे प्रकार एकूण सहा वेळा घडले की ही प्रणाली डिस्कचा वेग पायरीपायरीने उतरवते आणि चुका होतच राहिल्या, तर शेवटी सर्वात संथ अशा पीआयओ पद्धतीवर येते. मूळ दोष दूर झाल्यावरही ती आपणहून वर चढत नाही. केबल बदलल्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमधून संबंधित आयडीई वाहिनी काढून टाकून संगणक पुन्हा सुरू केला, म्हणजे वेग नव्याने ठरवला जातो. केबल न बदलता केवळ एवढेच केल्यास मात्र दुखणे लपते, बरे होत नाही.

दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे. २००२ पूर्वीच्या अनेक संगणकांतील नियंत्रक २८ बिटी पत्ता वापरत आणि त्यांची मर्यादा सुमारे १३७ जीबी होती. अशा संगणकात मोठी डिस्क बसवली, तर आरंभी सारे ठीक दिसते. परंतु भरणा १३७ जीबीच्या पुढे गेला की पुढचा मजकूर डिस्कच्या प्रारंभीच्या भागावर लिहिला जाण्याचा धोका असतो आणि तेथेच फाइलींची सूची असते. विंडोज एक्सपीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून मोठ्या डिस्कना आधार मिळाला. तथापि संगणकाचे बायोसही त्यास अनुकूल असावे लागते. त्यामुळे जुन्या खोक्यात नवी मोठी डिस्क घालण्याआधी ही मर्यादा तपासून घ्यावी.

दोष सिद्ध झाल्यावर

मदरबोर्डावरील नियंत्रक सदोष ठरला, तरी संगणक लगेच टाकाऊ होत नाही. पीसीआय पट्टीत बसणारे स्वतंत्र नियंत्रक-कार्ड लावून आणि बायोसमधून मूळ नियंत्रक बंद करून काम चालवता येते. विंडोज ज्या डिस्कवर आहे ती नव्या कार्डाला जोडण्याआधी त्या कार्डाचे ड्रायव्हर बसवलेले असावेत, एवढी काळजी घ्यावी. तथापि, या उपायाने संगणकाचे आयुष्य वाढते, विश्वासार्हता पूर्वीसारखी होतेच असे नाही. नोंदींचा एकमेव साठा म्हणून त्या यंत्रावर पुन्हा विसंबू नये.

बँक व्यवहारांच्या दृष्टीने आणखी एक मर्यादा स्पष्टपणे ध्यानात घ्यावयास हवी. विंडोज एक्सपीला ८ एप्रिल २०१४, विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वसाधारण पाठिंबा मिळणे थांबले. नियंत्रक दुरुस्त झाला, तरी अशा प्रणालीवरून नेटबँकिंग करणे सुरक्षित ठरत नाही. जुना संगणक जुने हिशेब पाहण्यापुरता, इंटरनेटशी न जोडता वापरावा.

संगणक दुरुस्तीस देताना हार्ड डिस्क शक्यतो काढून घरी ठेवावी. नियंत्रकाची तपासणी दुकानातील दुसऱ्या डिस्कवरही होऊ शकते. डिस्क द्यावीच लागली, तर तिच्यात साठवलेले पासवर्ड आधीच बदललेले असावेत. डिस्क कायमची टाकून देताना केवळ फाइली पुसणे किंवा झटपट फॉरमॅट करणे पुरेसे नसते, कारण त्याने प्रामुख्याने सूची पुसली जाते, मजकूर तसाच राहतो. संपूर्ण डिस्कवर नव्याने लिहिणारे साधन वापरावे किंवा आतील चकत्या निकामी कराव्यात. त्यानंतर ती नेहमीच्या कचऱ्यात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे सोपवावी; १ एप्रिल २०२३ पासून देशात ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम लागू झालेले आहेत.

खातेपुस्तकाची किंवा व्याजाच्या प्रमाणपत्राची दुसरी प्रत शाखेतून मागवता येते, विवरणपत्राची प्रत प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावरून मिळू शकते. पण दिवंगत आजोबांचे ध्वनिमुद्रित बोल किंवा लेकीच्या पहिल्या पावलांचे चित्र यांची दुसरी प्रत कोणत्याही कार्यालयात नसते. म्हणून मौल्यवान नोंदींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर ठेवावी, हा संगणकक्षेत्रातील जुना संकेत घरगुती संगणकालाही लागू पडतो. प्रत काढल्यावर ती उघडून पाहण्याचीही सवय ठेवावी. न उघडलेली प्रत ही न मोजलेल्या रोकडीसारखी असते.

संगणक अडखळला की घाबरून जाऊन काहीतरी करण्याकडे मनाचा कल होतो. त्या क्षणी हात आवरणे, हीच निम्मी दुरुस्ती होय. आधी प्रत, नंतर परीक्षा आणि शेवटी दुरुस्ती हा क्रम पाळला, तर दोष डिस्कचा निघो वा नियंत्रकाचा, यंत्र कदाचित जाईल. घराच्या नोंदी मात्र घरातच राहतील.